कोकण किनाऱ्यावर रात्रीच्या छायाचित्रणासाठी मोठ्या अ‍ॅपर्चरची वाइड लेन्स : कोणती आणि का?

धागाकर्ता : खाडीकाठ

नमस्कार. माझे घर दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आहे. माझ्याकडे सोनीचा २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा असून त्याच्याबरोबर आलेली २८-७० मिमी, एफ/३.५-५.६ ही किट लेन्स मी आजवर वापरत आलो आहे. दिवसा तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही. सूर्य बुडाल्यावर मात्र तासाभरातच ती हात टेकते. म्हणून आता मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे अधिक प्रकाश आत घेणारी, एकच, पण चांगली, वाइड लेन्स घेण्याचा विचार आहे.

माझी गरज तीन तऱ्हेची आहे. पहिली म्हणजे समुद्रावरची आकाशगंगा. दुसरी म्हणजे थंडीच्या दिवसांत काही रात्री लाटा फुटताना दिसणारा निळा उजेड. तिसरी म्हणजे शिमग्यातील पालखी, रात्रीचे नमन (कोकणातील लोकनाट्य) आणि घरच्या गणपतीपुढची आरती. अशा वेळी फ्लॅश उडवणे मला प्रशस्त वाटत नाही. माझ्या यादीत सध्या तीन लेन्स आहेत : सिग्माची २०२३ साली आलेली १४ मिमी एफ/१.४, सोनीची २०२० सालची २० मिमी एफ/१.८ जी आणि सम्यांगची हाताने फोकस करायची १४ मिमी एफ/२.८. किमतीचा अंदाज मला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. एफच्या पुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स रात्रीसाठी चांगली, हा सरळ हिशेब इथे लावता येतो का, आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत कोणती लेन्स निभावते, एवढे जाणकारांनी सांगावे.


प्रतिसाद : दर्यानक्षत्र

खाडीकाठ, तुमचा सरळ हिशेब निम्माच खरा आहे. एफचा आकडा हा नाभीय अंतर (१४ मिमी, २० मिमी हा लेन्सवरचा आकडा) आणि लेन्सच्या आतील छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, व्यास यांचे गुणोत्तर असतो. आकाशाची पार्श्वभूमी, आकाशगंगेचा धूसर पट्टा, वाळू, देवळाची भिंत अशा पसरलेल्या गोष्टी सेन्सरवर किती उजळ उमटतील हे या आकड्यावर ठरते. तारा हा मात्र बिंदू असतो, आणि त्याचा किती प्रकाश गोळा होईल हे छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. १४ मिमी एफ/१.४ मध्ये हा व्यास १० मिमी, तर २० मिमी एफ/१.८ मध्ये तो ११.१ मिमी भरतो. म्हणजे तुमच्या यादीतील ‘मंद’ वाटणारी सोनीची लेन्स प्रत्येक ताऱ्याचा थोडा अधिकच प्रकाश घेते. १४ मिमी एफ/२.८ चे छिद्र अवघे ५ मिमी आहे, आणि गंमत अशी की तुमच्या किट लेन्सचे २८ मिमीवरचे छिद्र ८ मिमी आहे.

दुसरा प्रश्न शटर किती वेळ उघडे ठेवता येईल याचा. पूर्वी ५०० भागिले नाभीय अंतर असा ढोबळ नियम सांगत; त्याने १४ मिमीला ३५ सेकंद आणि २० मिमीला २५ सेकंद मिळतात. आजच्या सेन्सरवर इतक्या वेळात ताऱ्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात. पिक्सेलचा आकारही विचारात घेणारा एनपीएफ नावाचा नियम अधिक कडक आहे. अ‍ॅपर्चरच्या आकड्याला ३५ ने आणि पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराला ३० ने गुणून दोन्हींची बेरीज करायची आणि तिला मिमीतील नाभीय अंतराने भागायचे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमचा पिक्सेल सुमारे ५.९ मायक्रॉनचा असतो. त्यावरून २० मिमी एफ/१.८ ला सुमारे १२ सेकंद, १४ मिमी एफ/१.४ ला १६ सेकंद आणि १४ मिमी एफ/२.८ ला जवळजवळ २० सेकंद मिळतात. अ‍ॅपर्चर आणि वेळ एकत्र धरून आकाशगंगेच्या पट्ट्याचा हिशेब केला, तर तुमच्या किट लेन्सच्या तुलनेत सम्यांग सुमारे तिप्पट, सोनी सव्वाचार पट आणि सिग्मा नऊ पटींहून थोडा अधिक उजेड देते. सिग्माचे पारडे इथे निःसंशय जड आहे.

तरीही मी तुम्हाला २० मिमी सुचवीन, आणि त्याचे पहिले कारण आपल्या किनाऱ्याची दिशा हे आहे. आपला समुद्र पश्चिमेला आहे, तर आकाशगंगेचा केंद्राकडचा तेजस्वी भाग आग्नेयेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला, उगवतो. तो समुद्रावर येतो तो मावळतीकडे झुकल्यानंतरच. मे महिन्याच्या अखेरीस पहाटे साडेचारच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो नैर्ऋत्येला क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर असतो. त्या वेळी पट्टा बराचसा उभा असतो, म्हणून कॅमेरा उभा धरावा लागतो. २० मिमीची चौकट उभी धरली की सुमारे ८४ अंश उंची मिळते. खाली लाटांची ओळ, मध्ये केंद्र आणि वर उरलेला पट्टा एवढे तीत आरामात बसते. १४ मिमीमध्ये तेच केंद्र लहान होते आणि चौकटीचा मोठा भाग नुसत्या काळ्या पाण्याला जातो.


प्रतिसाद : कातळसडा

वरील गणित मला मान्य आहे, पण निष्कर्ष नाही. कोकण म्हणजे केवळ पुळण (वाळूचा किनारा) नव्हे. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतील सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) रात्र काढणाऱ्यांसाठी १४ मिमीला पर्याय नाही. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी येथील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती जमिनीवर आडवी कोरलेली असून त्यांतील काही इतकी विस्तीर्ण आहेत की कॅमेरा जवळ आणि डोक्याहून उंच लावूनही २० मिमीमध्ये पूर्ण आकृती आणि आकाश एकत्र सामावत नाहीत. १४ मिमीचा कर्णातील दृष्टिकोन ११४ अंश आहे, २० मिमीचा ९४ अंश. सड्यावर हे वीस अंश फार मोलाचे असतात.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. १४ मिमीवरही एफ/१.४ ला सर्व काही आपोआप फोकसमध्ये राहते हा समज चुकीचा आहे. त्या अ‍ॅपर्चरला हायपरफोकल अंतर (फोकस दूरवर ठेवला असता ज्याच्या अलीकडचे धूसर होते ते अंतर) साधारण पावणेपाच मीटर येते. फोकस ताऱ्यांवर ठेवला तर दीड-दोन मीटरवरची कोरीव रेघ धूसर होणारच. त्यामुळे मी आकाशाचे चित्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला घेतो आणि ट्रायपॉड तसाच ठेवून कातळाचे चित्र एफ/४ च्या आसपास काही मिनिटांच्या एक्स्पोजरने वेगळे घेतो. कातळशिल्पावर बॅटरीचा झोत समोरून टाकू नये. जमिनीलगत आडवा आणि अगदी मंद टाकला तर कोरलेल्या खाचांत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. आणि कृपया शिल्पावर पाय किंवा ट्रायपॉडचा पाय ठेवू नये. रात्री कडा दिसत नाहीत, म्हणून जागा उजेडातच पाहून ठेवलेली बरी.


प्रतिसाद : सहाणेवरचा

आपण दोघेही आकाशाकडे पाहत आहात, पण धागाकर्त्यांच्या यादीतील तिसरी गरज जमिनीवरची आहे. मी प्रामुख्याने शिमगा, नमन, जाखडी आणि तळकोकणातील दशावतार यांची छायाचित्रे काढतो, म्हणून त्यापुरतेच लिहितो.

पालखी नाचवणारी माणसे ट्रायपॉडची सोय पाहून थांबत नाहीत. सहाणेवर (पालखी बसवण्याच्या जागेवर) पालखी आली की खांद्यावरून खांद्यावर जाताना ती क्षणात वर उसळते, आणि ती गती थांबवायला सेकंदाचा दोनशेवा भाग तरी लागतो. नमनात संकासुर किंवा गोमू ही पात्रे वळत असताना सेकंदाच्या १२५ व्या भागावरही हाताची बोटे पुसट येतात. अशा वेळी कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील कंपनरोधक सोय उपयोगी पडत नाही, कारण ती आपला हात स्थिर करते, समोरचा माणूस नव्हे. उपयोगी पडते ते अ‍ॅपर्चरच. एफ/३.५ वरून एफ/१.८ वर आलात की प्रकाश जवळजवळ चौपट होतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० ऐवजी ३२०० च्या जवळपास काम भागते आणि चेहऱ्यावरच्या रंगरेषा नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या खरखरीत, बुडत नाहीत. याउलट घरच्या गणपतीची मखर, समया आणि माजघर यांचे चित्र माणसे नसताना घ्यायचे असेल, तर मोठ्या अ‍ॅपर्चरची मुळीच गरज नाही. ट्रायपॉड लावून एफ/५.६ ला दोन सेकंद द्यावेत. मूर्तीपासून मागच्या फळीपर्यंत सर्व काही रेखीव येते.

नाभीय अंतराबाबत माझे मत ठाम आहे. माणसांच्या गर्दीत १४ मिमी वापरू नये. चौकटीच्या कडेला आलेला चेहरा त्यात बाहेरच्या बाजूला ताणला जातो, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे डोके भोपळ्यासारखे दिसलेले कुणालाच आवडत नाही. २० मिमी निभावून नेता येते, मात्र माणसे मधल्या भागात ठेवावी लागतात. केवळ नमन-दशावताराचाच प्रश्न असता तर मी २४ मिमी एफ/१.४ म्हटले असते. सोनीची या मापाची जीएम (सोनीची वरच्या श्रेणीची लेन्स) २०१८ सालची असून ४४५ ग्रॅमची आहे, आणि सिग्मानेही २०२२ मध्ये याच मापाची लेन्स आणली.

याला जोडूनच दिव्यांविषयी सांगतो. हल्ली मांडवात आणि देवळात एलईडीचे दिवे असतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साधे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर चित्रात आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर ठेवावे आणि शक्य असेल तिथे वेग १/१०० किंवा १/५० असा निवडावा. लेन्स कितीही भारी असली तरी हे पट्टे ती घालवत नाही.


प्रतिसाद : निळी लाट

निळ्या उजेडाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे दिसणारा हा उजेड बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा असतो. पाणी ढवळले, लाट फुटली किंवा पाय आपटला की त्या पेशी क्षणभर चमकतात आणि विझतात.

यातली खोच अशी, की चमक क्षणिक असल्याने शटर अधिक वेळ उघडे ठेवून ती अधिक उजळ होत नाही. चमक विझल्यानंतरच्या सेकंदांत फक्त आकाशाचा आणि गावातल्या दिव्यांचा उजेड भरत राहतो, पाणी राखाडी होते आणि निळा रंग त्यात हरवतो. म्हणजे आकाशगंगेसाठी अ‍ॅपर्चर कमी पडले तर स्टॅकिंगने (अनेक चित्रे एकावर एक जुळवून) भरपाई करता येते, तशी इथे करता येत नाही. एकाच लाटेची चमक किती उठून दिसेल हे अ‍ॅपर्चर ठरवते. त्यामुळे तुमच्या तीन लेन्सपैकी एफ/२.८ ची लेन्स या कामासाठी मी पहिल्यांदा बाद करीन, एफ/१.८ पेक्षा ती सुमारे अडीचपट कमी प्रकाश घेते. अमावास्येच्या आसपास, एफ/१.८, आयएसओ ३२०० ते ६४०० आणि दोन ते पाच सेकंद यांवर सुरुवात करावी. पाच सेकंदांत दोन-तीन लाटांच्या ओळी एकावर एक बसतात आणि चित्र भरल्यासारखे दिसते; त्यापुढे आकार पुसला जातो.

या कामात कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात की नाही याने काही फरक पडत नाही. एखादी जुनी २४ मिमी एफ/१.४ कोम्यामुळे (ताऱ्यांना पंख फोडणाऱ्या या दोषामुळे) आकाशासाठी निकामी ठरली असली, तरी लाटांसाठी उत्तम चालते.


प्रतिसाद : दर्यानक्षत्र

निळी लाट यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि काजव्यांना तो थोड्या फरकाने लागू होतो. काजवाही क्षणिक चमकतो, पण दूरवरून तो बिंदू असतो, त्यामुळे तिथे पुन्हा छिद्राचा व्यास मोजावा लागतो. ५० मिमी एफ/१.८ या स्वस्त लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिमीचे आहे. मृगाच्या आधी सड्याखालच्या रानात काजव्यांनी भरलेले एखादेच झाड टिपायचे असेल, तर वाइड लेन्सपेक्षा तीच सरस ठरते. काजव्यांची चित्रे मात्र अनेक एक्स्पोजर एकत्र करून बनवता येतात, कारण तिथे प्रत्येक चित्रात नवे बिंदू मिळत जातात.


प्रतिसाद : मिठागर

खाडीकाठ यांनी हवेविषयी विचारले होते, त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. माझ्या मते लेन्स निवडताना किनाऱ्यावर राहणाऱ्याने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

सिग्मा १४ मिमी एफ/१.४ ची पुढची काच बाहेर फुगलेली आहे. तिच्यावर स्क्रूने बसणारा सपाट फिल्टर लावता येत नाही; फिल्टरची सोय मागच्या बाजूला आहे. सम्यांग १४ मिमीची काचही तशीच. समुद्राकडून वारा असताना पुळणीवर अर्धा तास उभे राहिलात की खाऱ्या तुषारांचा थर थेट त्या काचेवर बसतो. तो कोरड्या कापडाने पुसला तर मिठाचे कण कोटिंगवर घासले जातात. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग लेन्ससाठीच्या द्रवाने किंचित ओल्या केलेल्या मऊ कापडाने टिपून घ्यावे. फुगीर काचेची कड हूडच्या पाकळ्यांत दडलेली असल्याने हे काम अंधारात नीट होत नाही. सोनी २० मिमीला ६७ मिमीचा साधा फिल्टर बसतो. तो काढून घरी गोड्या पाण्याने धुता येतो आणि खराब झाला तर दुसरा आणता येतो. फक्त चौकटीत जेटीचे, बोटींचे किंवा दीपगृहाचे दिवे असतील तेव्हा तो उतरवावा. नाहीतर प्रत्येक दिव्याचे एक फिकट भूत चित्रात विरुद्ध बाजूला उमटते.

दवाचा प्रश्न दोन्हींना सारखाच आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मध्यरात्रीनंतर काच हळूहळू धुरकट होते आणि पडद्यावर ते लवकर लक्षात येत नाही. तारे थोडे मोठे आणि मऊ दिसू लागतात एवढेच. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळला की काच भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहते आणि दव धरत नाही. तो दव धरल्यावर नव्हे, आधीच चालू करावा. सिग्माच्या या लेन्सला पट्टा सरकू नये म्हणून खास कंगोरा दिलेला आहे, आणि फोकसची रिंग निष्क्रिय करणारी कळही आहे. आकाशासाठी तयार केलेली लेन्स म्हणून तिच्या या गुणांना दाद दिली पाहिजे.

बुरशी हा आपल्याकडचा खरा शत्रू. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. बुरशीतून स्रवणारी आम्ले कोटिंगवर कायमचे डाग पाडतात, मग काच साफ करूनही ती पूर्ववत होत नाही. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. तेवढा खर्च नको असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि पंधरा-वीस रुपयांना न मिळणारा पण फार महाग नसलेला आर्द्रतामापक एवढ्यावर काम होते. जेल रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडे करावे. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत लेन्स पावसाळाभर ठेवू नये. मोठी रक्कम लेन्सवर घालून डब्याचे पैसे वाचवणारे लोक मला अजून समजलेले नाहीत.


प्रतिसाद : खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा कल आता २० मिमीकडे झुकतो आहे. दोन शंका उरल्या. आकाशगंगेसाठी लेन्सवर कमी खर्च करून ताऱ्यांबरोबर फिरणारा ट्रॅकर घेतला, तर एफ/२.८ ची उणीव भरून निघेल का? आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे काळवंडतात असे वाचले; ते प्रत्यक्षात कितपत जाणवते?


प्रतिसाद : दर्यानक्षत्र

ट्रॅकरने आकाशगंगेपुरती उणीव भरून निघते, तुमच्या उरलेल्या दोन गरजांना मात्र त्याचा उपयोग शून्य. शिवाय ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ही त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. दापोलीला ती पावणेअठरा अंशांच्या आसपास, रत्नागिरीला १७ आणि मालवणला १६ अंश भरते. आपल्या बहुतेक पुळणींच्या उत्तरेला डोंगराचे नाक पुढे आलेले असते किंवा माडांची रांग असते, आणि इतक्या खाली मे महिन्यातील धूसर हवेत ध्रुवतारा शोधणे कष्टाचे होते. वाइड लेन्सपुरता यावर उपाय आहे. होकायंत्राने उत्तर आणि फोनमधील मापकाने अक्षांशाएवढा कोन साधावा. २० मिमी लेन्स, एक मिनिटाचे एक्स्पोजर आणि अक्षात दोन अंशांची चूक असे गृहीत धरले तरी तारा पिक्सेलच्या निम्म्या अंतराएवढाच सरकतो. फक्त ट्रॅकर चालू असताना जमीन आणि क्षितिज पुसट होते, म्हणून त्यांचे चित्र वेगळे घेऊन जोडावे लागते. लाटा असतील तर ही जोड नीट बसवणे जिकिरीचे असते. त्यापेक्षा स्टॅकिंग सोपे : एकाच जागेवरून लागोपाठ नऊ चित्रे घेऊन आकाश जुळवले, तर नॉइज एक तृतीयांशावर येते.

कोपरे काळवंडणे हा वाइड लेन्सचा जन्मजात गुण आहे. तिरक्या येणाऱ्या प्रकाशाचा जोर कोनाबरोबर झपाट्याने घटतो. निव्वळ भूमितीने मोजले तर २० मिमीच्या कोपऱ्यात दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) थोडी अधिक आणि १४ मिमीच्या कोपऱ्यात साडेतीन स्टॉपची घट निघते. लेन्सची रचना करणारे ती बरीच आवरतात, पण पूर्ण घालवू शकत नाहीत. सॉफ्टवेअरने कोपरा उजळला की तिथला नॉइजही उजळतो. एफ/१.४ चा फायदा चौकटीच्या मध्यभागी पुरेपूर मिळतो, कोपऱ्यात तो बराच आटलेला असतो. सिग्मा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच नऊ पटींचा आकडा वाचावा.


प्रतिसाद : माडाची सावली

मी विद्यार्थी आहे आणि माझ्याकडे क्रॉप (फुलफ्रेमहून लहान) सेन्सरचा सोनी आहे. वर चर्चिलेल्या लेन्स माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मी काय पाहावे?


प्रतिसाद : सहाणेवरचा

सिग्मा १६ मिमी एफ/१.४ पाहावी. ती २०१७ पासून मिळते, ४०५ ग्रॅमची आहे आणि क्रॉप सेन्सरवर २४ मिमीचा दृष्टिकोन देते, म्हणजे नमन आणि आकाश दोन्हींना चालते. एकूण गोळा होणारा प्रकाश फुलफ्रेमच्या एफ/२.१ इतका धरावा. केवळ आकाशच हवे असेल तर सम्यांगची हाताने फोकस करायची १२ मिमी एफ/२ ही त्याहून रुंद आणि बरीच हलकी आहे. जुना डीएसएलआर असलेल्या मित्रांनी टोकिनाची ११-१६ मिमी एफ/२.८ वापरलेली मिळते का ते पाहावे. आणि तुमचा फोन नवा असेल तर देवळातील स्थिर दृश्यांसाठी त्याचा नाइट मोड पुरतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नाचती पालखी मात्र त्यात चिखल होते.


प्रतिसाद : निळी लाट

जाता जाता एक विनंती. वेळास आणि आंजर्ले येथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना अलीकडे मोठ्या अ‍ॅपर्चरच्या वाइड लेन्स घेऊन लोक फार पुढे जातात. सोनी २० मिमी सुमारे २० सेंटीमीटरवर फोकस करते म्हणून तेवढ्या जवळ जाणे योग्य ठरत नाही. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात; फोकससाठी लावलेला कॅमेऱ्याचा तांबडा साहाय्यक दिवासुद्धा मेन्यूतून बंद करावा. दोरीमागे राहून ८५ मिमी वापरणे तिथे अधिक शहाणपणाचे आहे.


प्रतिसाद : कातळसडा

२० मिमीला माझा विरोध नाही, सड्यावर जाणार नसाल तर तीच घ्या. ती ३७३ ग्रॅमची असल्याने कातळावर चालताना खांद्याला जाणवत नाही. सिग्मा ११७० ग्रॅमची आहे आणि तिला स्वतःचा ट्रायपॉड कॉलर लागतो. १४ मिमीच हवी पण वजन नको असेल, तर सोनीची २०२१ सालची १४ मिमी एफ/१.८ जीएम ४६० ग्रॅमची आहे. तिचीही पुढची काच फुगीरच आहे, त्यामुळे मिठागर यांची हरकत तिला लागू होते. नवीन घेण्याआधी मुंबई किंवा पुण्याहून दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने आणून अमावास्येला पारखून घ्यावी.


प्रतिसाद : मिठागर

वापरलेली लेन्स घेणार असाल तर पारख अशी करावी. दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, मागच्या बाजूने फोनच्या बॅटरीचा झोत तिरका टाकावा आणि पुढून पाहावे. धुळीचे चार कण चालतील, पण कडेकडून मध्याकडे पसरणारे धागे किंवा दुधी ढग दिसले तर लेन्स परत द्यावी. बॉडीला बसणाऱ्या धातूच्या कड्यावर आणि स्क्रूंवर हिरवट डाग असतील तर ती लेन्स खाऱ्या हवेत राहिलेली आहे असे समजावे.

नंतर रात्री ट्रायपॉड लावून एकाच ठळक ताऱ्याचे पाच वेळा चित्र घ्यावे : एकदा मध्यभागी आणि एकेकदा चारही कोपऱ्यांत. फोकस हाताने, पडद्यावर तारा मोठा करून साधावा आणि मग हलवू नये. अलीकडच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकसची रिंग विजेवर चालते आणि कॅमेरा बंद केला की फोकसची जागा हरवू शकते, म्हणून पाचही चित्रे होईपर्यंत कॅमेरा चालूच ठेवावा. चारही कोपऱ्यांत ताऱ्याला सारखेच पंख दिसले तर तो त्या लेन्सचा कोमा आहे, आणि अ‍ॅपर्चर एफ/२.२ किंवा एफ/२.८ केल्यावर तो कमी व्हायला हवा. तीन कोपरे नीट आणि चौथाच बिघडलेला दिसला तर आतील एखादी काच सरकलेली आहे. अशी लेन्स किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नये, कारण ती पुन्हा जाग्यावर बसवून देणारे कारागीर फार थोडे आहेत आणि ते काम टपालाने पाठवून होत नाही.